बौद्धवाडीत टेबल टेनिस कशाला?

"शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत, ॲट्रॉसिटीच्या केसेस वर्षानुवर्षं लोंबकळतायत, अनुशेषाच्या जागा भरल्या जात नाहीत, आणि तुम्ही पोरांना टेबलावर टकटक करायला शिकवताय?" पेणमधल्या एका बैठकीत ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला हे विचारलं. प्रश्न रागाने विचारलेला असला तरी खोटा नव्हता. चळवळीकडे माणसं कमी, वेळ कमी, पैसा त्याहून कमी. तो कशावर खर्च करायचा, हे विचारण्याचा अधिकार सगळ्यांना आहे. म्हणून त्याचं उत्तर जाहीरपणे देतो आहोत.

गेली चार वर्षं पेण आणि रोहा तालुक्यांतल्या दोन बौद्धवाड्यांत आम्ही काही कार्यकर्ते मुलांना टेबल टेनिस शिकवतो. आमच्यात मोठा खेळाडू कोणी नाही. एक जण मुंबईच्या कॉलेजात असताना जिमखान्यात खेळलेला, दुसऱ्याने कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हात साफ केलेला, बाकीचे मुलांबरोबरच शिकले.

खेळाचे जे फायदे सगळे सांगतात ते आम्हीही पाहिले. चेंडू ४० मिलिमीटरचा, वजन जेमतेम २.७ ग्रॅम. समोरच्याच्या बॅटवरून तो निघाला की विचार करायला क्षणही मिळत नाही. डोळा, मनगट आणि पाय यांना एकाच वेळी काम करावं लागतं. मोबाइलवर मान खाली घालून बसलेलं पोरगं इथे तसं बसूच शकत नाही. अंगापिंडाने लहान असलेली मुलगी दांडग्या पोराला हरवू शकते. कबड्डीसारखा गुडघा फुटत नाही. भाविना पटेल व्हीलचेअरवर बसून टोकियो पॅरालिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकल्या, म्हणजे पायांनी अधू असलेल्या मुलालाही या टेबलावर जागा आहे. हे सगळं खरं. पण तेवढ्यासाठी आम्ही चार वर्षं घालवली नसती.

आपल्याला महत्त्वाचे वाटतात ते या खेळाचे नियम.

टेबल टेनिसमध्ये दोन-दोन गुणांनंतर सर्व्हिस बदलते. तुम्ही जिंकत असा, हरत असा, सरपंचाचा मुलगा असा की कंत्राटी कामगाराची मुलगी, दोन गुण झाले की सर्व्हिस समोरच्याकडे जाते. १०-१० झाले की प्रत्येक गुणाला जाते. सर्व्हिस करताना चेंडू उघड्या तळहातावर ठेवावा लागतो, किमान १६ सेंटिमीटर वर उडवावा लागतो आणि समोरच्याला तो सतत दिसला पाहिजे. पूर्वी खेळाडू अंगाआड चेंडू लपवून सर्व्हिस करत, २००२ मध्ये त्यावर बंदी आली. प्रत्येक गेम संपला की बाजू बदलायची. शेवटच्या निर्णायक गेममध्ये तर कोणाचेही पाच गुण झाले की मध्येच बाजू बदलतात. कारण एका बाजूला उजेड जास्त असतो, एका बाजूने वारा येतो, आणि त्याचा फायदा एकालाच कायमचा मिळू नये.

आता आपल्या गावांची रचना आठवा. चांगली बाजू कोणाची, पाण्याची वरची जागा कोणाची, आणि आपली वस्ती कुठे टाकलेली? तिथे बाजू कधी बदलली? 'पाच गुण झाले, आता तुम्ही इकडे या' असं सांगणारा पंच कोणत्या पिढीला भेटला?

आठ-नऊ वर्षांचं पोर हे नियम आठवड्यातून पन्नास वेळा अंगाने जगतं. महिनाभरात ते 'माझी सर्व्हिस' असं ओरडून सांगायला लागतं. सुरुवातीला ओरडत नाही. वाडीतली मुलं आपसात खेळताना भांडभांड भांडतात, पण बाहेरचा मुलगा समोर आला की पहिल्या काही वेळा गप्प राहतात. त्याने तिसऱ्यांदा सर्व्हिस केली तरी बोलत नाहीत. हे आम्ही स्वतः पाहिलं आहे आणि ते पाहणं सोपं नव्हतं. ही गप्प राहण्याची सवय त्यांना घरात कोणी शिकवलेली नाही. ती शाळेत, दुकानात, तलाठ्याच्या टेबलासमोर बापाला उभं राहिलेलं बघून आलेली असते. ती घालवायला भाषण पुरत नाही. 'तुझे दोन झाले, आता माझी' हे वाक्य शेकडो वेळा तोंडातून जावं लागतं.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागलं. शिपाई नसला की पाणी मिळत नसे. पुढे एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं, तर फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळू नयेत म्हणून वर्गातली मुलं ते काढायला धावली. हे प्रसंग आपण १४ एप्रिलला सांगतो, आणि सांगितलेच पाहिजेत. पण त्या फळ्यापर्यंत चालत जाणाऱ्या मुलाच्या पायात काय होत असेल, हेही कधी बोललं पाहिजे. अपमान अंगात साठतो. मग तो अंगातूनच बाहेर काढायला हवा.

'जातिप्रथेचं निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी एक मुद्दा मांडला आहे. माणसं जवळजवळ राहतात किंवा त्यांच्या चालीरीती सारख्या असतात, एवढ्याने समाज तयार होत नाही. एकाच कृतीत सगळ्यांचा वाटा असला, तिचं यश आणि अपयश सगळ्यांना आपलं वाटलं, तर समाज तयार होतो. जात नेमकी हीच सामायिक कृती होऊ देत नाही. खेळ ही अशी कृती असू शकते. 'असू शकते' असं जपून म्हणतो, कारण याच महाराष्ट्रात उलट पुरावाही आहे.

पळवणकर बाळू हे त्यांच्या काळातले भारतातले सर्वांत मोठे फिरकी गोलंदाज. चांभार कुटुंबातले. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते मैदानाची कामं करत आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करत. पण त्यांच्या हातात फलंदाजीसाठी बॅट कोणी दिली नाही. नंतर हिंदूंच्या संघाला त्यांची गरज पडली. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावत, आणि चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळत असे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, त्याची चर्चा वेगळी.

बाळूंच्या गोष्टीतून आम्ही एवढं घेतलं की मैदान दुसऱ्याचं असेल तर चहाची भांडीही तोच ठरवतो.

हे आम्हाला पुस्तकाबाहेरही कळलं. सुरुवातीला आम्ही चार मुलांना घेऊन जिल्ह्यातल्या एका क्लबात गेलो होतो. टेबलं दोन, त्यातलं एक रिकामं. तिथल्या गृहस्थांनी आधी गाव विचारलं, मग आडनावं विचारली, मग सांगितलं की सभासदत्व सध्या बंद आहे. फी विचारली तर तीही सांगेनात. कोणी शिवी दिली नाही, कोणी जातीचा उल्लेख केला नाही. अशा प्रसंगात तक्रार कशाची करणार? संविधानाचं कलम १५(२) सार्वजनिक जागांबद्दल स्पष्ट बोलतं, पण सभासदत्वाच्या रजिस्टराआड लपलेली अस्पृश्यता सिद्ध करायची कशी, हे वकिलांनाही अवघड जातं.

आपण रायगडची माणसं आहोत. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतलं पाणी यांच्यातलं अंतर आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला १९२३ मध्ये. महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला १९२४ मध्ये. आणि प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, तोही मार खाऊन. सरकारी क्रीडा संकुलं आज सगळ्यांना खुली आहेत. मुलांना घेऊन तिथे जायला हवं आणि आम्ही जातो. पण जाण्याआधी मुलाच्या हातात खेळ असला पाहिजे, आणि तो स्वतःच्या वाडीतच येऊ शकतो.

वाडीत जागा आहे का? आहे. समाजमंदिर. समाजकल्याणच्या निधीतून बांधलेलं, वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर, एखादं लग्न, आणि पावसाळ्यात वर्षावासाचं ग्रंथवाचन. बाकी दिवस आत सतरंज्या आणि खुर्च्यांचा ढीग. त्यात आपल्याकडचा पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुलांनी मैदानावर खेळायचं म्हटलं तर मैदानच दिसत नाही. कोकणात छपराखालचा खेळ ही चैन नाही, गरज आहे.

टेबल विकत घ्यायचं तर वीस-पंचवीस हजारांची गोष्ट. पेणच्या वाडीत आम्ही ते सुताराकडून करून घेतलं. मापं ठरलेली असतात: लांबी २.७४ मीटर, रुंदी १.५२५ मीटर, उंची ७६ सेंटिमीटर. म्हणजे साधारण नऊ फूट बाय पाच फूट. बाजारात प्लाय मिळतो आठ बाय चारचा आणि टेबलाचा अर्धा भाग होतो पाच बाय साडेचारचा, म्हणजे जोड आलाच. जोडावर चेंडू पडला की कुठेही उडतो. मुलं त्या जागेला 'वडखळ' म्हणतात. मुंबई-गोवा महामार्गाने ज्यांनी प्रवास केलाय त्यांना कारण सांगायला नको.

टेबल बरोबर झालंय की नाही, हे तपासायची एक सोपी रीत नियमांतच आहे. चेंडू ३० सेंटिमीटरवरून सोडला तर तो सुमारे २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे. मुलांनी पट्टी धरून सगळ्या टेबलभर चेंडू सोडले, वहीत आकडे लिहिले, सरासरी काढली. सातवीच्या पुस्तकातली सरासरी तोवर त्यांना कोणासाठी काढायची ते कळत नव्हतं. त्यांनी सुताराला बोलावून दाखवलं की डाव्या कोपऱ्यात उसळी १९ च येते, खालची पट्टी सुटलीय. सुतार आधी हसला, मग वाकून बघितलं, आणि पट्टी ठोकून दिली. मोठ्या माणसाच्या कामातली चूक आकड्यानिशी दाखवायची आणि ती मान्य होते, हे त्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं.

बॅटींबद्दल एक गोष्ट मुलांना नेहमी सांगतो. १९५२ ची जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत झाली. त्यात हिरोजी सातो नावाच्या जपानी खेळाडूने जाड स्पंजची बॅट आणली होती. तोवर सगळे बारीक दाण्यांच्या रबरावर खेळत आणि चेंडूच्या आवाजावरून अंदाज बांधत. स्पंजवर आवाजच येईना. मोठमोठे खेळाडू गोंधळले आणि सातो जगज्जेता झाला. मुलांना ही गोष्ट आवडते, पण नंतर लगेच 'आपल्याला तसली बॅट कधी?' असं विचारतात, तेव्हा आम्ही विषय बदलतो. दोनशे-तीनशे रुपयांची बॅट दोघांत एक, अशी आमची ऐपत आहे.

सगळ्यात मोठा फरक मुलींमध्ये पडला. आपल्या वाड्यांत मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की मैदानावरून नाहीशी होते. तिला कोणी मनाई करत नाही, असं आपण म्हणतो. पण मैदान गावाच्या बाहेर, संध्याकाळी तिथे टारगट पोरं, आणि घरात पाणी-भांडी वाट बघत असतात. समाजमंदिर वाडीच्या मधोमध आहे. आई दारातून हाक मारू शकते. पेणच्या टेबलावर आज मुलांपेक्षा मुली जास्त येतात. याचं श्रेय आमचं नाही. महिला मंडळाने बैठकीत ठराव केला की संध्याकाळी सहा ते सात मुलींचा तास, आणि त्या तासाला किल्ली मंडळाकडे राहील. किल्ली कोणाकडे, हा समाजमंदिराच्या राजकारणातला किती नाजूक प्रश्न असतो ते वाडीत राहणाऱ्यांना ठाऊक आहे. पुरुषांनी बरीच कुरकुर केली. मुंबईकरांचं मंडळ एका बाजूला, गावकऱ्यांचं दुसऱ्या. शेवटी महिलांनी वेगळं कुलूपच विकत आणलं आणि वाद मिटला.

सातवीतली एक मुलगी आता आमची सगळ्यात चांगली पंच आहे. खेळायला ती साधारणच आहे, पण नियम तिला आमच्यापेक्षा पाठ. पेण आणि रोह्याच्या वाड्यांमध्ये वर्षातून दोन-तीनदा सामने होतात. एसटीने वडखळ, नागोठणे करत भिसे खिंडीतून रोह्याला. गेल्या खेपेला रोह्यातल्या इतर वस्त्यांमधली, सगळ्या जातींची मुलं बोलावली होती. त्यांच्यातला एक उंच मुलगा, दहावीतला, तळहात मिटून सर्व्हिस करत होता. तिने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा गुण समोरच्याला दिला. तो म्हणाला, "तू कोण सांगणार?" ती म्हणाली, "पंच." आणि पुढचा आकडा पुकारला. त्याच्याबरोबर आलेल्या मोठ्या माणसाने आमच्याकडे बघितलं. आम्ही स्कोअरबोर्डाकडे बघितलं. खेळ पुढे सुरू झाला. तो मुलगा सामना जिंकला, हेही सांगायला हवं. जाताना त्याने तिच्याशी हात मिळवला, कारण तसा रिवाज आहे.

त्याच्या मनातली जात गेली का? नसेल. एका सामन्याने जात जात असती तर बाळूंच्या शंभर बळींनी केव्हाच गेली असती. आमची गरज त्याच्या मनापेक्षा तिच्या आवाजाची होती.

आता ज्येष्ठांना पटेल असा व्यवहाराचा मुद्दा. महाराष्ट्रात २००५ पासून गुणवत्ताधारक खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे ते अनुसूचित जातींच्या कोट्यातही लागू होतं. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत शालेय स्पर्धा होतात. जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत जाणारी वाट आहे, आणि टेबल टेनिस तिथे आहे. पण ज्या शाळेत टेबल, त्याच शाळेच्या मुलांची नावं जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलाला या गटात नाव द्यायचं असतं हेच कोणी सांगत नाही. मग आपल्या वाट्याची जागा रिकामी राहते, नाहीतर खोटी प्रमाणपत्रं घेऊन कोणीतरी बसतो. क्रीडा प्रमाणपत्रांचे घोटाळे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहेत. अनुशेषाबद्दल आंदोलन करणाऱ्यांनी या ५ टक्क्यांकडे कधी बघितलंय का?

अर्थात नोकरीचं गाजर दाखवून आम्ही कोणाला टेबलापाशी आणत नाही. आमच्यातलं एकही मूल अजून राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचलेलं नाही. दोघं विभागापर्यंत गेली. गणपतीआधीचे तीन महिने पेणची आमची निम्मी मुलं गायबच असतात, कारण मूर्तीच्या कारखान्यांत रंगकामाचा रोज मिळतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मुलं गणपतीचे डोळे रंगवतात. पोटाचा प्रश्न असल्यामुळे आम्ही त्यावर कोणाला प्रवचन देत नाही. तो रोज पुस्तकांवर खर्च होतो, कधी बॅटीवरही. आणि तीन महिने बारीक ब्रश धरलेला हात परत आला की त्याची सर्व्हिस वळते कशी ते बघण्यासारखं असतं.

'साहेबांचा खेळ' ही टीकाही होते. ज्यांना असं वाटतं त्यांनी चीनकडे बघावं. आंतरराष्ट्रीय महासंघाचे १९२६ पासून १९६७ पर्यंत अध्यक्ष असलेले आयव्हर माँटेग्यू हे उमरावाच्या घरात जन्मलेले इंग्रज, पण पक्के कम्युनिस्ट. हा कामगारांचा खेळ व्हावा, असं त्यांना वाटे. चीनने ते करून दाखवलं. शाळांत, उद्यानांत, कारखान्यांच्या आवारात सिमेंटची टेबलं ओतली. १९५९ मध्ये त्यांचा पहिला जगज्जेता झाला आणि नंतर काय झालं ते जग बघतंय. दुसरं उदाहरण अमेरिकेचं. अल्थिया गिब्सन. जन्म १९२७, म्हणजे चवदार तळ्याच्याच वर्षी, दक्षिणेतल्या खंडकरी शेतमजुरांच्या घरात. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, रस्त्यावर आखलेल्या कोर्टात ती लाकडी फळीच्या बॅटीने पॅडल टेनिस शिकली. शेजाऱ्यांनी वर्गणी काढून तिला कृष्णवर्णीयांच्या टेनिस क्लबाचं सभासदत्व घेऊन दिलं. १९५७ मध्ये ती विम्बल्डन जिंकली. वर्गणी काढणाऱ्या त्या शेजाऱ्यांनाही कोणीतरी विचारलं असेलच, की मारझोड, वर्णभेद, बेकारी एवढं सगळं असताना हे कशाला.

जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एक दिवसाचा खर्च काढून बघा. त्यात टेबल, जाळी आणि वर्षभराचे चेंडू येतात. हे आम्ही दोन्ही वाड्यांत हिशेब मांडून दाखवलं. पेणला पटलं. रोह्याला डीजे आला आणि टेबलही आलं, वर्गणी दुप्पट झाली. तक्रार नाही.

रोह्याचं प्लायचं टेबल मात्र दोन पावसाळ्यांत फुगलं. म्हणून या वेळी वाडीतल्याच गवंड्याने पडवीत सिमेंटचं टेबल ओतून दिलंय, मजुरी न घेता. धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर जाणाऱ्या पोरांनी रात्रपाळीवरून येऊन त्यावर रोज पाणी मारलं. वर घोटाई करताना गवंड्याला पाणी निथळायला उतार द्यायचा होता, तो मुलांनी देऊ दिला नाही. उसळी २२ ते २४ येतेय, सगळीकडे. जाळीसाठी लोखंडी पट्टी वेल्डिंगवाल्याकडे टाकली आहे. उंची बरोबर सहा इंच लागते, म्हणजे १५.२५ सेंटिमीटर. त्याने पहिली पट्टी सात इंचांची केली, ती परत पाठवली. ज्यांना आपल्या वाडीत असं टेबल ओतायचं असेल त्यांनी येऊन मापं घेऊन जावीत. रविवारी सकाळी वंदना झाली की आम्ही तिथेच असतो. येताना जमलं तर डझनभर चेंडू आणा, मुलं ते पायाखाली फार फोडतात.